फलकावर नाव कोणत्या गावाचे?

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर तोडते. एवढ्या अल्प अवधीत चालकाने फलक वाचावयाचा आणि कोणत्या फाट्याने जावयाचे ते ठरवावयाचे असते. ऐन वेळी गोंधळून त्याने मोटार वळविली, तर अपघात ओढवतो. म्हणून फलकावर मोजकीच नावे लिहितात. ती कोणती असावीत?

अमेरिकेत १९५६ च्या कायद्यान्वये आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारण्यात आले. तेथील फलकांवर मार्गाचा क्रमांक व दिशा यांच्या जोडीला पुढील एखाद्या नगराचे नाव असते. त्यास 'नियंत्रक नगर' म्हणतात. एकदा फलकावर आलेले नाव, ते नगर येईपर्यंत पुढील फलकांवरही राहिले पाहिजे, हे यातील मुख्य तत्त्व होय. मध्येच नाव लोपले, तर प्रवाशास वाट चुकल्याची शंका येते.

नगर मोठेच असावे असे मात्र नाही. डेन्व्हरहून पूर्वेस जाणाऱ्या ७० क्रमांकाच्या महामार्गावरील फलक लायमनचे नाव दाखवितात. वस्ती अवघी दोन हजारांच्या आसपास. परंतु तेथे अनेक मार्ग एकत्र येतात. पुढचे महानगर कॅन्सस सिटी डेन्व्हरपासून सुमारे ९६० किलोमीटर दूर आहे. तिकडे निघालेल्या परक्या प्रवाशाने लायमनचे नाव कदाचित ऐकलेलेही नसेल. त्याला क्रमांक व दिशा यांचाच आधार.

जवळचे नाव उपयोगी की दूरचे परिचित, हा पेच प्रत्येक निवडीत असतो. तो सोडविताना गावाची प्रतिष्ठा नव्हे, तर अनोळखी वाटसरूची सोय पाहावयाची असते.