दुसऱ्याच्या रेषेत काम करताना

ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला सांगतात, तुझी स्वतःची रेषा शोध. तिसऱ्या वर्षी त्याच विद्यार्थ्याला चार जणांबरोबर गटात बसवतात आणि सांगतात, आता तुझी रेषा बाजूला ठेव, या पात्राची रेषा तुझ्या हातात यायला हवी. दोन्ही गोष्टी सांगणारे शिक्षक बहुतेक वेळा तेच असतात. पुण्यात शिकत असताना या ओढाताणीचा मला राग यायचा. आज विद्यार्थ्यांच्या फिल्म बघायला बसते तेव्हा वाटतं, या शिक्षणातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. आपण काढलेलं चित्र दुसऱ्या कुणाला पुढे नेता येईल, असं काढायला शिकणं सोपं नसतं, आणि ते एकट्याने शिकता येत नाही.

पहिलं वर्ष मात्र एकट्याचंच असतं. जगभर जवळपास सारख्याच क्रमाने ते शिकवलं जातं. आधी उसळणारा चेंडू. चेंडू वर जाताना मंदावतो, म्हणून तिथे चित्रं जवळजवळ; खाली येताना वेग घेतो, म्हणून तिथे चित्रं लांबलांब. जमिनीला टेकताना तो चपटा होतो, पण चपटा झाला म्हणून त्याचं आकारमान कमी होता कामा नये, नाहीतर तो रबराचा न वाटता हवा गेलेला वाटतो. मग पिठाची पिशवी. तिला तोंड नाही, डोळे नाहीत, नुसती चार टोकं. त्या टोकांवर आनंद, कंटाळा, भीती दाखवायची. मग चाल. पाय टेकला, शरीर खाली गेलं, दुसरा पाय पुढे निघाला, शरीर वर आलं. साधारण अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. डिस्नेचे ज्येष्ठ ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली आपल्या पुस्तकात या कलेची बारा तत्त्वं मांडली. वर्गातले हे सगळे स्वाध्याय त्याच तत्त्वांभोवती फिरतात.

या सगळ्यात विद्यार्थी आपल्याच हातावर प्रेम करायला शिकतो, आणि ते गरजेचंही आहे. चाल करताना माझी माणसं थोडी वाकून चालायची, शेजारच्या मुलीची ताठ आणि टाचांवर. पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्च्या चित्रांची चाचणी, पडद्यावर आली की नाव न वाचता कुणाची आहे हे कळायचं.

मग आली गटाची फिल्म. आम्ही पाच जण होतो. कथा सांगलीच्या मैत्रिणीची निवडली गेली: गच्चीवर कुरडया वाळत घालणारी आजी आणि त्या पळवायला टपलेला कावळा. संवाद नाहीत, लांबी अडीच मिनिटं. ऐकायला अडीच मिनिटं फार नाहीत. पण सेकंदाला चोवीस फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं, जे हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सर्रास करतात, तरी सेकंदाला बारा चित्रं होतात. म्हणजे अडीच मिनिटांना अठराशे. पडद्यावर आजी आणि कावळा दोघंही असतील तर त्या शॉटची चित्रं दुप्पट. यात कच्चं काम, पक्क्या रेषेचा क्लीन-अप, रंग आणि मागची गच्ची अजून धरलेलीच नाही.

पहिला पेच साडीचा पडला. आजी नऊवारीत होती. स्टोरीबोर्डमध्ये ती छान दिसत होती, कारण तिथे चित्र स्थिर असतं. हलायला लागली तेव्हा कळलं, की साडीची प्रत्येक चुणी ही एक रेषा आहे आणि ती प्रत्येक चित्रात योग्य जागी सापडली पाहिजे. एकाने पाच चुण्या काढल्या, दुसरीने सात, तिसऱ्याने चालताना दोन नाहीशा केल्या. एकेक शॉट वेगळा बघितला तर प्रत्येक सुंदर. सलग लावले की आजी दर तीन सेकंदांनी साडी बदलतेय असं वाटायचं.

यावरचा उपाय म्हणजे मॉडेल शीट. पात्र समोरून, बाजूने, पाठमोरं कसं दिसतं, किती डोकी उंच आहे, हात उचलला की बाहीला कुठे घडी पडते, हे सगळं एका कागदावर ठरवायचं आणि पाचही जणांनी त्याच्या बाहेर जायचं नाही. आम्ही बसून ठरवलं: पुढे तीन चुण्या, मागे काष्ट्याची एक रेषा, आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला. पदर खोचला तो केवळ काम वाचावं म्हणून. मोकळा पदर प्रत्येक हालचालीच्या मागून झुलतो, आणि ते झुलणं पाच हातांत सारखं येणं अशक्य होतं. पण पदर खोचल्याबरोबर आमची आजी बदलली. आधी ती बिचारी होती, कावळ्याने छळलेली. आता ती कंबर कसून उभी राहिली. पुढचा अख्खा स्टोरीबोर्ड तिच्या त्या उभं राहण्यावरून पुन्हा काढला गेला. एकट्या कुणालाही ती आजी सुचली नसती. पाच जणांना झेपेल असं पात्र शोधता शोधता ती सापडली, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गटात काम करताना कल्पना पातळ होते असं सगळे गृहीत धरतात. इथे ती उलट दाट झाली.

दुसरा पेच वाटणीचा. काम पात्राप्रमाणे वाटायचं की शॉटप्रमाणे? पात्राप्रमाणे वाटलं तर कावळा एकाच हाताचा राहतो, त्याचा स्वभाव टिकतो. पण आजीची काठी कावळ्याच्या शेपटीला लागते त्या शॉटचं काय? कुणाचं चित्र आधी? काठी नेमकी कितव्या फ्रेमला टेकते? यासाठी एक्स-शीट असते. उभ्या रकान्यांचा तो कागद, प्रत्येक ओळ एका फ्रेमची, प्रत्येक रकाना एका पात्राचा किंवा थराचा. काठी सदतिसाव्या फ्रेमला टेकणार असं तिथे लिहिलं की दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसूनही सदतिसाव्या फ्रेमला भेटतात. आता सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन हेच काम करते. तरी ज्यांनी ती शीट एकदा हाताने भरलीय, त्यांना वेळेचा अंदाज वेगळाच येतो असं माझं निरीक्षण आहे.

आणि मग की आणि इनबिटवीन. मुख्य ॲनिमेटर हालचालीतली कळीची चित्रं काढतो, मधली चित्रं दुसरा कुणी भरतो. दोघांच्या मधला दुवा म्हणजे कागदाच्या कडेला काढलेला छोटा टायमिंग चार्ट: एक उभी रेघ आणि तिच्यावर आडव्या खुणा. खुणा एका टोकाला दाटल्या असतील तर हालचाल तिथे संथ, विरळ असतील तिथे झपाट्याची. पुढच्या माणसासाठी दारात ठेवलेल्या चिठ्ठीसारखा तो चार्ट असतो. माझी चित्रं मीच पूर्ण करत होते तोवर मी चार्ट कधी नीट काढला नव्हता. सगळं डोक्यात असायचं. दुसऱ्याच्या हाती कागद द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या हालचालीत काय चाललंय ते मलाच पहिल्यांदा शब्दांत आणि खुणांत मांडावं लागलं. पेन्सिल टेस्ट सुधारायला लागल्या त्या तिथून.

भारतात ही पद्धत रीतसर शिकवली गेली ती मुंबईत. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून फिल्म युनिट सुरू झालं आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स प्रशिक्षणासाठी आले. ॲनिमेटर राम मोहन त्याच युनिटमध्ये घडले. त्याच्याही कितीतरी आधी, १९१५ च्या सुमारास, दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेक फ्रेमला सरकवत 'आगकाड्यांची मौज' केली होती; पण ती एका झपाटलेल्या माणसाची करामत होती. युनिटने आणली ती हातांची साखळी. पुढे १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने केलेली 'एक अनेक और एकता' दूरदर्शनवर पाहून कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. विजया मुळे यांचं दिग्दर्शन, भीमसेन यांचं ॲनिमेशन, वसंत देसाईंचं संगीत, लहानग्या साधना सरगमचा आवाज. पक्षी मिळून जाळं उचलतात ही त्यातली गोष्ट सगळ्यांना आठवते. तिच्यामागच्या माणसांची नावं फार थोड्यांना.

गटात शिकवावं की एकट्याने करू द्यावं, याबद्दल मोठ्या संस्थांचंही एकमत नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्समध्ये कॅरेक्टर ॲनिमेशनचा अभ्यासक्रम १९७५ पासून आहे. जॉन लॅसेटर, ब्रॅड बर्ड हे दिग्दर्शक तिथलेच. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याने दर वर्षी स्वतःची फिल्म करायची, अशी परंपरा आहे. पॅरिसच्या गोबलाँमध्ये ॲनिमेशन सुरू झालं तेही १९७५ मध्येच, पण तिथे भर गटावर. फ्रान्समधल्या आनसीच्या ॲनिमेशन महोत्सवात कार्यक्रमांआधी दाखवल्या जाणाऱ्या छोट्या फिल्म गोबलाँच्या विद्यार्थ्यांचे गट करतात. गोबलाँच्या सहा विद्यार्थ्यांची 'ऑक्टापोडी' ही दोन ऑक्टोपसांच्या पाठलागाची फिल्म, लांबीला आमच्याएवढीच, २००९ च्या ऑस्करसाठी नामांकित झाली. फ्रान्समधल्याच आर्लच्या सहा विद्यार्थ्यांची 'गार्डन पार्टी' २०१८ मध्ये त्याच यादीत होती. ओसाड पडलेल्या आलिशान बंगल्यात बेडूक फिरतात आणि त्यांच्या मागोमाग आपल्याला कळत जातं की इथे काहीतरी भयंकर घडून गेलंय.

एकट्याने केलेल्या कामाचा मला आदर आहे. मुंबईच्या गीतांजली राव यांची 'प्रिंटेड रेनबो' ही २००६ सालची फिल्म जवळजवळ त्यांच्या एकटीच्या हातची आहे, आणि तिच्यातली काडेपेटीच्या चित्रांत हरवणारी म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातून तशी उतरली नसती. पण लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. त्याने 'अवे' ही पूर्ण लांबीची फिल्म २०१९ मध्ये एकट्याने केली, संगीतासकट. त्यानंतर 'फ्लो' करायला तो पहिल्यांदा चमूबरोबर उतरला. पुरात सापडलेलं, एकटं राहायची सवय असलेलं एक मांजर इतर प्राण्यांबरोबर एका होडीत येतं, अशी ती गोष्ट. आणि तिच्यात स्वतःचा अनुभव आहे, हे त्यानेच मुलाखतींत सांगितलंय. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेल्या या फिल्मला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. महागडी सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या मुलांना या बातमीने किती धीर दिला, ते मी पाहिलंय.

सगळ्यांनी एकाच हातासारखं काढायचं, हाच सहकार्याचा एकमेव अर्थ नाही. २००३ साली जपानच्या किहाचिरो कावामोतो यांनी कवी बाशो आणि त्याच्या सोबत्यांनी १६८४ मध्ये रचलेल्या 'विंटर डेज' या साखळी-काव्यावर फिल्म केली. देशोदेशीच्या पस्तीस ॲनिमेटरांना एकेक कडवं दिलं. सुरुवात रशियाच्या युरी नॉर्स्टीनची. प्रत्येकाची शैली वेगळी राहते. त्या काव्यप्रकाराचा नियमच असा, की प्रत्येक कडवं लगतच्या आधीच्या कडव्याशी जोडलेलं हवं, पण त्याच्याही आधीच्याकडे परत जायचं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना हा नियम देऊन दहा-दहा सेकंदांचे तुकडे करायला लावावेत, असं मला फार वाटतं. स्वतःची रेषा न सोडता दुसऱ्याचं ऐकायचं म्हणजे काय, ते त्यांना तिसऱ्या वर्षाची वाट न बघता कळेल.

अडतं ते गुणांपाशी. ज्युरी फिल्म बघते आणि गटाला गुण देते. चाल कुणी केली, गच्ची कुणी रंगवली, हे दिसतं. पण आमच्यातल्या एका मुलाने कावळ्याचे मोजके शॉट करून उरलेलं सगळं सत्र फाइल सांभाळण्यात घालवलं: शॉटचा क्रमांक, आवृत्ती, तारीख असं नाव प्रत्येक फाइलला लावणं, रोज रात्री प्रत घेणं, कुणाचा शॉट कुणासाठी अडलाय ते भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिणं. 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' अशा नावांच्या फाइलींत अख्खी फिल्म बुडालेली मी इतर गटांत पाहिली आहे. आमची वेळेवर झाली ती त्याच्यामुळे. त्याला मिळालेले गुण मात्र गटात सगळ्यात कमी होते, कारण त्याच्या कामाला पडद्यावर जागा नव्हती. ही पद्धत चुकीची आहे, असं मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते. गटाच्या फिल्मबरोबर प्रक्रियेची वही मागवा, एक्स-शीट, टाकून दिलेले स्टोरीबोर्ड, कामाचा तक्ता बघा, प्रत्येक विद्यार्थ्याशी स्वतंत्र बोला. गटाला वेगळे आणि व्यक्तीला वेगळे गुण द्या. याला परीक्षकांचा वेळ लागतो. तो द्यायला हवा.

आणि एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. संपादनाच्या टेबलावर एखादा उत्तम शॉट कापला जाणार, हे धरून चाला. आमच्या सांगलीच्या मैत्रिणीने आजी गुडघ्यावर हात टेकून उठते तो शॉट केला होता. वजन, थकवा, मधला क्षणभराचा थांबा, सगळं त्यात होतं. फिल्मची गती तिथे पडत होती, म्हणून चर्चा करून आम्ही तो काढला, आणि कथा तिचीच असूनही तिने होकार दिला. पण कापलेला शॉट वाया जात नाही. स्टुडिओत काम मागायला जाताना डेमो रील न्यावी लागते आणि प्रत्येक शॉटसमोर आपण नेमकं काय केलं ते लिहावं लागतं: फक्त की-चित्रं, का क्लीन-अपसुद्धा, का रंगही. गटाच्या फिल्ममधले शॉट दाखवताना हे लिहिणं जास्तच काटेकोर हवं, कारण तेच शॉट दुसऱ्याच्या रीलमध्येही असतात आणि बघणारे दोन्ही रील बघतात. तिच्या रीलची सुरुवात त्या कापलेल्या शॉटने होती. मुलाखतीत तिला पहिला प्रश्न आला, की हा शॉट फिल्ममध्ये का नाही. तिने कारण सांगितलं, आणि पुढचा बराच वेळ बोलणं त्यावरच चाललं.