बाळाचं पाऊल वाकडं असेल तर वाट पाहू नका

ताईंनो, "चालायला लागलं की होईल सरळ," असं बाळाच्या पायाबद्दल घरोघरी म्हणतात. काही बाबतीत ते खरंही आहे. दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे दिसणं, तीन-चार वर्षांचं असताना गुडघे एकमेकांना टेकणं, लहानपणी तळवा सपाट असणं, हे बहुतेक आपोआप सुधारतं.

पण जन्मतःच पाऊल आत वळलेलं असेल आणि हाताने सरळ होत नसेल, तर तो क्लबफूट असू शकतो. तो तेल-मालिशने जात नाही. ग्रहणात आईने विळी धरली म्हणूनही होत नाही. सुनेला दोष देऊ नका.

पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू करावेत. दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, साधारण ५ ते ७ वेळा. बऱ्याचदा टाचेमागची नस लहानसा छेद देऊन सैल करतात. मग खास बूट: ३ महिने जवळजवळ दिवसरात्र, पुढे चार-पाच वर्षांचं होईस्तोवर झोपताना. पाय सरळ दिसला म्हणून बूट सोडले, तर पाऊल पुन्हा वळतं.

मूल लंगडत असेल, तीन वर्षांनंतरही चवड्यांवरच चालत असेल, तरी डॉक्टरांना दाखवा. ताप आहे आणि पाय टेकवत नाही, तर त्याच दिवशी न्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं. नवजात बाळासाठी मात्र पथकाची वाट पाहू नका. आशाताईंना सांगा, वरठीहून भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय गाठा.