आईचे मशीन आणि आपले दप्तर



नीटनेटकेपणा म्हटला की आपल्याला झाडलोट आठवते. पण टेबल स्वच्छ दिसणे वेगळे आणि ते कामाला सोयीचे असणे वेगळे. सगळ्या वस्तू एका खोक्यात कोंबून झाकण लावले, तरी टेबल स्वच्छच दिसते. मग एका सुईसाठी सगळे खोके उपसावे लागते! खरी व्यवस्था कशी असते, ते मी आईच्या शिलाई मशीनजवळ बसून पाहिले आहे. तेच येथे सांगते.

माझी आई गावातल्या बायकांचे ब्लाउज आणि मुलांचे शाळेचे कपडे शिवते. मशीन पायाचे आहे. त्याची फळी लहानशी, तरी तिची डावी बाजू आई नेहमी मोकळी ठेवते. त्याला कारण आहे. मशीनचे चाक उजवीकडे असते आणि शिवताना कापडाचा मोठा भाग सुईच्या डावीकडे पसरतो. तिथे डबा किंवा कात्री पडलेली असली, तर कापड अडते, ओढले जाते आणि शिलाई वाकडी येते. म्हणून आधी कामाला जागा ठेवायची, मग वस्तूंना.

वस्तूंच्या जागा तिने वापरावरून ठरवल्या आहेत. कात्री, टेप आणि खडू सारखे लागतात. ते उजव्या हाताशी. बॉबिन खणात, आणि त्याही आधीच दोरा भरून ठेवलेल्या. शिलाईचा वरचा दोरा रिळातून येतो आणि खालचा बॉबिनमधून. बॉबिन रिकामी झाली की सुई खालीवर होत राहते, पण टाका पडत नाही. हूक एका डबीत, बटणे दुसऱ्या डबीत. तेलाची कुपी मात्र लांब, खालच्या फळीवर. कारण एक थेंब सांडला तरी नव्या कापडावर डाग! कात्र्याही दोन आहेत. कागद कापला की कात्रीची धार बोथट होते, म्हणून कापडाची कात्री आमच्या चित्रांना कधीच मिळत नाही. कितीही मागा!

सगळ्यांत जास्त काळजी असते ती गिऱ्हाइकांच्या कापडांची. आई म्हणते, "कापड आपलं नाही गं. बाईनं विश्वासानं ठेवलंय." एका बाईचे कापड, अस्तर आणि मापाचा जुना ब्लाउज असे सगळे एकत्र बांधायचे. वर नावाची आणि कपडा द्यायच्या तारखेची चिठ्ठी लावायची. दिवाळीच्या आधी अशी वीस-पंचवीस गाठोडी होतात. त्यांत चार लाल कापडे असली तरी घोटाळा होत नाही. चुकीच्या कापडाला कात्री लागली तर ते पुन्हा सांधता येत नाही. नुकसान त्या बाईचे, आणि आईच्या हाताखालचे कामही जाते.

गाठोडे बांधून ठेवायची ही रीत जुनी आहे. 'दप्तर' हा शब्द फारसीतून आला. दप्तर म्हणजे नीट लावून ठेवलेली कागदपत्रे आणि ती ठेवण्याची कचेरी. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद कापडात बांधून ठेवत. त्या गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात. पेशवाई १८१८ साली संपली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या दप्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापून आणले. कागद जपून ठेवलेले होते, म्हणून तर ते शोधता आले. आपण पाठीवर घेतो, त्या पिशवीला नाव मिळाले ते याच शब्दावरून.

आता सुईविषयी. शिवताना कधी कधी सुई मोडते. तेव्हा आई मशीन थांबवते आणि सगळे तुकडे गोळा करते. जमिनीवर लोहचुंबक फिरवले की बारीक तुकडाही चिकटून येतो. तुकडे एकमेकांना जोडून सुई पुरी झाली का, ते ती पाहते. सुई पुरी होईपर्यंत कपडा घराबाहेर जात नाही. कारण राहिलेला तुकडा फ्रॉक घालणाऱ्या मुलीला टोचेल. मोडलेल्या सुयांची डबीही वेगळी आहे.

काम संपले की आई पाच मिनिटे आवरते. बॉबिनच्या जागेत अडकलेले दोऱ्यांचे तंतू ब्रशने काढते, चिंध्या पिशवीत भरते, कात्री जागेवर ठेवते. संध्याकाळी वीज गेली तरी तिला बॅटरी लागत नाही. अंधारात हात घातला की टेप हाताशी येते.

हीच परीक्षा आपण आपल्या दप्तराची घेऊ या. रात्री झोपण्याआधी दुसऱ्या दिवशीच्या तासांप्रमाणे वह्या लावाव्यात. पेन्सिल आणि खोडरबर कंपासपेटीत ठेवावे, सुटे टाकू नये. भरलेल्या वह्या आणि कागदाचे बोळे बाहेर काढावेत, म्हणजे ओझेही कमी होते. मैत्रिणीची वही आणली असेल तर ती सगळ्यांत वर ठेवावी. ती आपली नाही ना!

मग डोळे मिटा आणि दप्तरातून पट्टी काढून दाखवा. कोणाकोणाला जमते, ते मधल्या सुट्टीत पाहू!

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी