कल्हईपासून सौरघटापर्यंत

नाशिकच्या तांबट आळीत किंवा तुमच्या गावी कल्हई करताना कधी पाहिले आहे का? पातेले तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील टेकवायचे आणि कापसाच्या बोळ्याने ते झरझर फिरवायचे. क्षणात पातेले आतून चांदीसारखे चकाकते. कथील लागते अगदी थोडे. पण त्या पातळ थरामुळे पितळेच्या भांड्यातली आमटी कळकत नाही.

पदार्थविज्ञानात अशा थरांना पातळ पटले किंवा थिन फिल्म म्हणतात. त्यांची जाडी पुष्कळदा १ मायक्रॉनहूनही कमी असते. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा! आता हे पटल कथलाऐवजी अर्धवाहकाचे असेल तर? अर्धवाहकावर प्रकाश पडला की त्यातले काही इलेक्ट्रॉन मोकळे होतात. सौरघटात त्यांचीच वीज मिळते. नेहमीच्या सौरघटातील सिलिकॉनची चकती दीडशे मायक्रॉनच्या आसपास जाड असते. कॅडमियम टेल्युराइडसारख्या अर्धवाहकाला मात्र तेवढाच प्रकाश शोषायला दोन-तीन मायक्रॉन पुरतात.

पण असे पटल काचेवर चढवायचे कसे? एक मार्ग म्हणजे निर्वात पेटीत पदार्थाची वाफ करून ती काचेवर बसू द्यायची. त्यासाठी महागडी यंत्रे हवीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील प्रा. चंद्रकांत लोखंडे यांनी आपल्या संशोधनात दुसऱ्या मार्गावर भर दिला. तो मार्ग चंचुपात्रातून जातो!

कॅडमियम सल्फाइडचे उदाहरण घेऊ. कॅडमियमच्या क्षाराचे आणि सल्फाइडचे द्रावण एकदम मिसळले, तर पिवळी भुकटी तळाशी बसते; काच कोरडीच राहते. म्हणून द्रावणात अमोनिया घालतात. तो कॅडमियमच्या आयनांना धरून ठेवतो आणि थोडे थोडे सोडतो. गंधकासाठी थायोयूरिया वापरतात. तोही सल्फाइड आयन सावकाश देतो. अशा कोमट द्रावणात काच उभी ठेवली, की तिच्यावर पिवळे, चकचकीत पटल हळूहळू वाढते. खडीसाखर दोऱ्यावर धरते ना, तसेच! घाई केली की खडे होत नाहीत, नुसती साखर तळाला बसते.

हे ऐकायला सोपे वाटते. एम.एस्सी. करताना मी काढलेले पहिले पटल काच धुतानाच निघून गेले होते! तापमान, आम्लता, वेळ आणि काचेची स्वच्छता यांतले काहीही चुकले तरी असे होते. प्रा. लोखंडे व त्यांचे विद्यार्थी निरनिराळ्या पदार्थांसाठी हेच गणित चिकाटीने सोडवत राहिले. धातूंच्या सल्फाइड व सेलेनाइड पटलांच्या रासायनिक पद्धतींचा त्यांनी घेतलेला विस्तृत आढावा १९९१ साली प्रसिद्ध झाला.

ही पद्धत म्हणजे केवळ गरिबाची सोय, असे मात्र समजू नका. तांबे, इंडियम, गॅलियम व सेलेनियम यांच्या उत्तमोत्तम सौरघटांतही कॅडमियम सल्फाइडचा सुमारे ०.०५ मायक्रॉनचा थर प्रगत देशांतील प्रयोगशाळांनी असाच द्रावणातून चढवला आहे.

तरीही एक अडचण उरते. कॅडमियम विषारी आहे आणि बरेचसे कॅडमियम पटलात न जाता भुकटी होऊन वाया जाते. मग काय करायचे? एक उपाय म्हणजे दुसरा पदार्थ शोधणे. बर्लिनच्या हान-माइट्नर संस्थेतील शास्त्रज्ञांबरोबर प्रा. लोखंडे यांनी द्रावणातून इंडियम सल्फाइडची पटले तयार केली. ते काम १९९९ साली प्रसिद्ध झाले. दुसरा उपाय म्हणजे पद्धत बदलणे. फ्रान्समधील निकोलाऊ यांनी १९८५ साली मांडलेल्या 'सिलार' पद्धतीत काच आधी धातूच्या द्रावणात बुडवतात, मग पाण्यात, मग सल्फाइडच्या द्रावणात, पुन्हा पाण्यात. दोन्ही द्रावणे वेगळी राहतात, म्हणून भुकटी जवळजवळ होतच नाही. या पद्धतीवर प्रा. लोखंडे आणि त्यांचे विद्यार्थी हबीब पठाण यांनी २००४ साली लिहिलेला आढावा या विषयात काम करणारे आवर्जून वाचतात. पुढे याच रासायनिक पद्धतींनी प्रा. लोखंडे यांच्या गटाने धातूंच्या ऑक्साइडांची पटले काढली व ती वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरसाठी वापरून पाहिली.

कॅडमियमचा प्रयोग तुम्ही मुळीच करू नका. त्याऐवजी साखरेचे गरम संपृक्त द्रावण दोन पेल्यांत घ्या आणि प्रत्येकात दोरा सोडा. एक पेला थंड पाण्यात ठेवून चटकन निववा; दुसरा कापडात गुंडाळून आठवडाभर हलवू नका. दोन्ही दोऱ्यांवर काय दिसते, ते वहीत नोंदवा आणि फरक का पडला, हे आपल्या शिक्षकांना समजावून सांगा. आपल्या प्रयोगशाळेत यंत्रे नाहीत, ही तक्रार मीही पुष्कळदा करतो. अशा वेळी मला कोल्हापूरचे ते चंचुपात्र आठवते.