जन्मभूमीस परतलेला धम्मदूत

लोणावळ्याजवळील कार्ल्याची लेणी पाहण्यास जाणारे बहुतेक लोक चैत्यगृहाची भव्यता पाहून परततात. तेथील एका स्तंभावरचा लहानसा ब्राह्मी लेख सहसा वाचला जात नाही. सोपाऱ्याचा, धम्मुत्तरीय निकायाचा भाणक सातिमित याने हा धातुयुक्त स्तंभ दान दिला, असे त्यात कोरले आहे. भाणक म्हणजे सुत्ते मुखोद्गत म्हणणारा. कोकणातील सोपारा बंदर आणि घाटमाथ्यावरील मावळ धम्माच्या धाग्याने जोडलेले होते, हे या लेखावरून कळते.

याच सोपाऱ्याशी पुण्ण थेरांचा वृत्तान्त निगडित आहे. अट्ठकथेनुसार ते येथील व्यापारी होते. तांड्याबरोबर सावत्थीस गेले असता धम्मदेसना ऐकून ते प्रव्रजित झाले. पण तेथे त्यांच्या ध्यानास अनुकूलता लाभेना. म्हणून त्यांनी आपल्या सुनापरान्त देशी परतण्याचे ठरविले. मज्झिमनिकायाच्या पुण्णोवाद सुत्तात तथागत त्यांना विचारतात की, तेथील लोक उग्र आहेत. त्यांनी शिव्या दिल्या, मारले, शस्त्र चालविले तर काय कराल? याहून अधिक इजा केली नाही हा त्यांचा चांगुलपणाच मानीन, अशा आशयाचे उत्तर पुण्ण देत जातात.

हे सुत्त सामान्यतः खन्तीचा उपदेश म्हणून वाचले जाते. ते योग्यच आहे. परंतु अट्ठकथेसह वाचल्यास आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानी येते. ही उग्र माणसे पुण्णांना परकी नव्हती. ती त्यांच्याच मुलखातील होती. परतल्यावर त्यांना लगेच स्थैर्यही लाभले नाही. प्रथम ते एका डोंगरावर राहिले. तेथे धाकट्या भावाने त्यांना ओळखून भिक्षा दिली. पुढे समुद्रगिरी विहारात लाटांचा व मातुलगिरीवर पक्ष्यांचा कोलाहल आड आला. अखेरीस मकुलकारामात त्यांना योग्य स्थान सापडले. त्याच वर्षावासात पाचशे उपासक व पाचशे उपासिका धम्मात प्रतिष्ठित झाल्या, असे सुत्त सांगते.

आधुनिक काळात धर्मानंद कोसंबींना हाच प्रश्न वेगळ्या रूपाने भेडसावला. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंदांनी १९०२ मध्ये सिंहलद्वीपात प्रव्रज्या घेतली व पुढे ब्रह्मदेशात वास केला. स्वदेशी परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरविले. पालीचे कार्य मात्र सोडले नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या मासिक साहाय्याने त्यांना लेखनास अवकाश मिळाला आणि १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली.

या दोन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. परतणाऱ्याकडे धैर्य हवेच. पण भिक्षा घालणारा भाऊ, राहण्याजोगा आराम, निर्वाहाचे साधन हे त्याला समाजानेच द्यावे लागते. आज भाजे येथील शिबिरांतून धम्म शिकून तरुण आपापल्या वस्तीत परततात. कालपर्यंत अमक्याचा मुलगा म्हणून ओळखलेल्या तरुणाचे बोलणे वस्ती एकदम ऐकत नाही. काही महिन्यांत तो निराश होतो आणि आपण त्याच्या खन्तीला दोष देतो. हा दोष सर्वस्वी त्याचा नाही. त्याच्यासाठी मकुलकाराम उभा करणे हे उपासकांचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.