लिटरला तीस पैसे

ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतो. टेकाडापलीकडे इंजिन गुरगुरतं, चाकं रेतीत जागच्या जागी फिरतात, मग चालकाची शिवी. बाडमेर जिल्ह्याच्या शिव तालुक्यातली ही ढाणी म्हणजे दोन पक्क्या खोल्या, गवताने शाकारलेल्या चार झोपड्या, थोडी खेजडीची झाडं आणि अंगणाबाहेर एक टांका, पावसाचं पाणी साठवायचा जमिनीतला हौद. 2024 चा मे संपत आलाय. काल फलोदीत पारा 50 अंशांवर गेला. इथे सकाळी नऊलाच टांक्याच्या लोखंडी झाकणाला हात लावता येत नाही.

झाकणाला कुलूप आहे. सोन्याला नाही, पाण्याला. किल्ली घरातल्या म्हातारीच्या ओढणीच्या टोकाला. सगळे तिला मासा, म्हणजे आई, म्हणतात, ट्रॅक्टरवालाही.

“मासा, कुलूप काढा. इंजिन बंद केलं तर पुन्हा लागायचं नाही.”

“थांब बेटा, घाई तुला आहे, पाण्याला नाही.”

मासाची सून, इथल्या बोलीत बींदणी, गुडघ्यावर वाकून टांक्यात बादली सोडते. दोर खूप खाली जातो. तळाशी राहिलेलं गेल्या पावसाचं पाणी, ज्याला इथे पालर पाणी म्हणतात, ती दुहेरी फडक्यातून गाळून दोन माठांत भरते. ट्रॅक्टरने आणलेल्या टँकरचं पाणी त्यात मिसळू द्यायचं नाही. ते कूपनलिकेचं, मचूळ. त्याच्या चहात दूध फाटतं. या भागात अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइडही जास्त असतं. पालर पाणी आता फक्त चहाला आणि घरातल्या लहानग्याला.

माठ आत गेल्यावरच जाड रबरी पाईप टांक्याच्या तोंडात शिरतो.

टांक्याची रचना बघत राहावी अशी. जमिनीत सुमारे 3 मीटर खोल, तेवढाच रुंद, आतून गिलावा. मावतं जवळजवळ 21,000 लिटर. भोवती चोपून घट्ट केलेली उतरती जमीन, तिला आगोर म्हणतात. पावसाळ्याआधी ती झाडून लख्ख करायची, तिच्यावर ना जोडा ना शेळी. टांक्याच्या भिंतीत पाणी आत यायला मोऱ्या, आणि साप-उंदीर आत जाऊ नयेत म्हणून त्यांना जाळी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर. बाडमेरची वर्षाची सरासरी पावणेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. दोनशे चौरस मीटरच्या आगोरातलं निम्मं पाणी मुरलं, उडालं, तरी टांका भरतो. हिशेब चोख आहे. फक्त सरासरी दरवर्षी पडत नाही. न पडलेल्या वर्षी हा टांका विकतच्या पाण्याचा हौद होतो. आज तो तोच आहे.

आपल्याकडे मराठवाड्यात सरकारी टँकर गावच्या विहिरीत रिकामा होतो आणि विहिरीवर झुंबड उडते. इथे झुंबड नाही. ढाण्या एकमेकींपासून लांब, मध्ये रेती. ज्याचा टँकर, त्याचा टांका.

पाण्याचा आवाज ऐकून दोन गाई दगडी खेळीकडे, म्हणजे जनावरांच्या पाणवठ्याकडे, निघाल्या आहेत. मागोमाग बारा शेळ्या. मासा आधी त्यांना पाजते. उन्हाळ्यात गाय दिवसाला 40 लिटर तरी पिते, शेळी पाचेक. म्हणजे जनावरांचेच 140 लिटर. घरात माणसं सात. प्यायला, रांधायला, धुवायला मिळून माणशी 15 लिटरवर भागवतात. जलजीवन मिशनचा निकष माणशी 55 लिटरचा आहे. त्या योजनेची जलवाहिनी अजून या ढाणीपर्यंत आलेली नाही. घरातला थोरला मुलगा बाजेवर बसून आंघोळ करतो, खाली परात. परातीतलं पाणी कपड्यांना. भांडी तर राखेने आणि रेतीने घासतात, आणि ती आपल्या भांड्यांपेक्षा लखलखीत दिसतात, हेही सांगून टाकतो.

टँकर 5,000 लिटरचा. दिवसाला 245 लिटर धरले तर वीस दिवस.

“पंधराशे,” ट्रॅक्टरवाला म्हणतो.

“गेल्या खेपेला तेराशे होते.”

“नहरबंदी आहे मासा. भरायलाच रात्रभर रांगेत होतो.”

पंजाबात सतलज-बियासच्या संगमावरच्या हरिके धरणातून निघणारा इंदिरा गांधी कालवा उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. तहान वाढते तेव्हाच पुरवठा घटतो, कूपनलिकांवर रांगा लागतात, आणि टँकरचा भाव चढतो. पाण्याचे म्हणून ट्रॅक्टरवाला भरताना शे-दोनशेच देतो. बाकीचे डिझेलचे, टायरचे, रेतीत रुतण्याचे. त्याला लुटारू म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

पंधराशे रुपयांत 5,000 लिटर, म्हणजे हजार लिटरला 300. राजस्थान सरकारने 2019 मध्ये शहरांत महिना 15,000 लिटरपर्यंत वापरणाऱ्या घरांचं पाणीबिल माफ केलं. तेवढंच पाणी या ढाणीत 4,500 रुपयांना पडतं. रोजगार हमीची राजस्थानातली 2024-25 ची मजुरी दिवसाला 266 रुपये. एका टँकरसाठी साडेपाच दिवसांहून जास्त राबायचं, तेही काम मिळालं तर.

मासा आतून नोटा आणते, दोनदा मोजते. हजार. पाचशे उधार. ट्रॅक्टरवाला खिशातल्या वहीत लिहितो, मासाला वाचता येत नाही तरी पान तिच्यासमोर धरतो. ती मान हलवते. कुलूप पुन्हा लागतं.

“पुढच्या खेपेला एक शेळी घेऊन जा,” ती म्हणते. “भाव नीट लाव.”

हे पाणी जूनच्या मध्यापर्यंत पुरेल. मोसमी पाऊस या भागात वेळेवर आला तरी जुलै उजाडतो. म्हणजे पावसाआधी आणखी एक टँकर नक्की, आणि पाऊस लांबला तर दोन. शेळ्या बारा आहेत.