किरीट आणि वर्णगोल
लोहारदा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने इथे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो. दुसऱ्यांदा बहुधा पावसाळी ढगांआड. त्याचे बहुतेक अतिनील किरण ओझोनचा थर अडवतो. म्हणून २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले ‘आदित्य-एल१’ पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून, ग्रहणाचा अडथळा न येता, अखंड सूर्य पाहते. त्यावरची ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने घडवली. ती २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीत दीप्तिगोल व वर्णगोल टिपते. वर्गात ‘कोरोना’ म्हटले की आता मुलांना आजारच आठवतो. मराठीत त्याला ‘किरीट’ हा नेमका शब्द आहे: खग्रास ग्रहणात काळ्या बिंबाभोवती दिसणारा तो मुकुटच. पाठ्यपुस्तकांनी तो वापरावा, असे माझे मत आहे.